प्लॉट एरियातून ग्रामपंचायतीला उभी राहतेय – अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

गिरणाकाठी

नमस्कार मंडळी. जळगावपासून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतीलच. पंधरा वर्षांमागे गावठाण, त्याला लागून दोन वस्त्या आणि पुढे सगळी कपाशी, एवढंच होतं म्हणतात. हायवे चौपदरी व्हायला लागला तसे शेतांचे एनए, म्हणजे बिगरशेती, लेआउट पडत गेले. आता दर रविवारी साइट दाखवायला आणलेल्या गाड्यांची गावाच्या फाट्यावर रांग असते. आम्ही २०१७ मध्ये इथे घर बांधलं. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते.

कॉलनीची गटार शेवटच्या घरापाशी आणून एका रिकाम्या प्लॉटमध्ये सोडून दिलीय. डबकं बारमाही. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही रात्री बेरात्री. घरपट्टी मात्र दर मार्चला न चुकता भरतो. ग्रामसभेत बोलायला उठलं की मागून कोणीतरी म्हणतं, "प्लॉटवाल्यांना आत्ता गाव आठवलं."

जानेवारी २०२१ ला निवडून आलेल्यांची पाच वर्षं भरली. आमची अकरा सदस्यांची ग्रामपंचायत. वॉर्ड चारमध्ये तीन जागा, त्यात एक सर्वसाधारण महिला. शेजारच्या बायका म्हणतात तू उभी राहा. दोन पॅनलचे निरोपही आलेत. दोन्ही निरोप मिस्टरांच्या फोनवर आले, यावरून काय ते समजा.

विचारायचं हे की पॅनलमधून उभं राहावं की अपक्ष? खर्च किती येतो? आणि निवडून आलेच तर त्या गटारीचं खरंच काही करता येतं का?

बट्टीवरण

जागा पकडून ठेवतो. भाऊ, भरीत पार्टी कधी ते आधी सांगा.

गिरणाकाठी

भाऊ नाही, ताई. 'मिस्टर' वाचलं नाही का?

बट्टीवरण

मग तर वांगी मीच आणतो, ताई. बामणोदची.

चावडीवरचा

ताई, मी आमच्या गावात दोन टर्म सदस्य होतो, गावठाणातून. तुमच्या प्रश्नांच्या आधीचा प्रश्न विचारतो. कॉलन्यांत घरं किती ते तुम्हाला ठाऊक असणार. मतं किती आहेत?

ग्रामपंचायतीची वेगळी मतदार यादी कोणी नव्यानं तयार करत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जे असेल ते उचलतो आणि वॉर्डावॉर्डांत फोडतो. म्हणजे विधानसभेच्या यादीत तुमच्या गावाला नाव नसेल, तर तुम्ही दहा वर्षं तिथे राहा नाहीतर तीन मजली बांधा, त्या दिवशी तुम्ही पाहुणे.

प्लॉट एरियात नेमकं हेच असतं. कोणी पारोळ्याचा, कोणी चोपड्याचा, कोणी अमळनेरकडचा. नोकरीसाठी इकडे आला, घर बांधलं, रेशनकार्डही करून घेतलं, पण मत गावीच. का, तर तिकडे चुलतभाऊ उभा असतो. दोन्ही गावांचं मतदान एकाच दिवशी असलं की सकाळी सातलाच अर्धी कॉलनी एसटी स्टँडवर. आमच्याकडे दोनदा प्लॉटवाल्यांचा उमेदवार पडला तो असाच. सभेला गर्दी त्याचीच जास्त होती. मतमोजणीत वॉर्डाचा आकडा बघून त्याला स्वतःलाच पटेना.

प्रचार, पॅनल, खर्च सगळं नंतर. आज यादी काढा आणि गल्लीगल्लीनं टिकमार्क करा.

सातबारा

चावडीवरच्यांशी सहमत. फक्त वाट सांगतो. नाव इकडे आणायचं असेल तर फॉर्म ८, स्थलांतरासाठी तोच चालतो. ज्याचं नाव कुठेच नाही त्यानं फॉर्म ६. ऑनलाइनही होतं आणि बीएलओकडेही, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्याकडे. पत्त्याच्या पुराव्याला लाइटबिल, बँकेचं पासबुक, आधार, खरेदीखत यांपैकी काहीही. लाइटबिल अजून बिल्डरच्या नावावर असेल (निम्म्या कॉलन्यांत असतंच) तर खरेदीखत लावा. 'गावचं नाव राहू द्या, इथलंही घाला' असं कोणी म्हणेल. करू नका. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि अर्जात खोटं घोषणापत्र दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

अजून एक. उमेदवाराचं नाव गावाच्या यादीत हवं, त्याच वॉर्डात हवं असं नाही.

जिभाऊ

ताई, उभी राव. पन एक सांगस, गल्लीमा जाशी तव्हय चहा नही म्हनू नको, कोनाबी घरना. पडनी ते पडनी, वळख ते व्हई!

गिरणाकाठी

जिभाऊ, चहाचं लक्षात ठेवते. अॅसिडिटीच्या गोळ्याही सोबत ठेवीन.

यादी काढली. चावडीवरच्यांनी सांगितलं ते खरं निघालं. माझ्या स्वतःच्या लाइनीत निम्म्याहून जास्त घरांत इथलं एकही मत नाही. जे दादा ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज टाकतात, पाणी का नाही, सरपंच काय करतो, त्यांचं नाव अजून भडगाव तालुक्यात.

चावडीवरचा

असंच असतं. आता तुम्हाला राग येईल असं थोडं लिहितो, बहिणीसारखं समजून घ्या.

तुम्ही 'गावठाण' म्हणता तेव्हा तुमच्या मनात एक अडवणूक करणारा माणूस उभा राहतो. आमच्या बाजूनं बघा. ज्या शेतांवर कॉलन्या झाल्या ती आमच्याच भाऊबंदांची. रस्ता, गटार, खांब हे सगळं लेआउट पाडणाऱ्यानं करून द्यायचं होतं. त्यानं मुरूम टाकला, फोटो काढले, प्लॉट विकले आणि पुढच्या गावाला गेला. तुम्ही पाणी मागितलंत ते ग्रामपंचायतीकडे. विहीर नदीच्या पात्रात, गिरणेला धरणातून आवर्तन सुटलं तर तिला पाणी. टाकी बांधली तेव्हा या कॉलन्या कागदावरही नव्हत्या. तीच टाकी, तोच वॉल्व्हमन, आणि नळ दुप्पट.

तुमची घरपट्टी खरी आहे, ते नाकारत नाही. भांडवली मूल्यावर आकारणी आली तेव्हापासून मातीच्या माळवदापेक्षा आरसीसी घराला जास्तच बसते. पण गावठाणातल्या म्हातारीला ते दिसत नाही. तिला दिसतं की आधी पाणी एक दिवसाआड यायचं, आता चार दिवसांनी येतं.

गिरणाकाठी

राग नाही आला. पण दादा, ज्याला विकायचं त्यानं विकलं, ज्यानं पळायचं तो पळाला, मध्ये ग्रामपंचायतीनं काय केलं? नळ कनेक्शनची अनामत घेतली, पावती दिली. पाणी पुरणार नाही हे तेव्हा माहीत नव्हतं का? पावती फाडणारा हात गावठाणातलाच होता.

चावडीवरचा

हे मान्य. हाच प्रश्न सभेत विचारा, पण तारखेसकट विचारा.

रावेरची_लेक

ताई, मी केळी पट्ट्यातली, एक टर्म महिला राखीवमधून सदस्य होते. तुमच्या गटारीवर लिहिते, कारण मीही एका रस्त्यासाठीच उभी राहिले होते.

ग्रामपंचायतीत नमुना नंबर २३ म्हणून एक नोंदवही असते, ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची. तुमच्या कॉलनीचा रस्ता त्यात चढलाय का, हे सगळ्यात आधी बघा. चढलेला नसेल तर तो कागदावर अजून लेआउटवाल्याचाच. मग तुम्ही निवडून या नाहीतर सरपंच व्हा, त्यावर खर्च घालताना 'हा खाजगी रस्ता' म्हणून हरकत येणार आणि ती बरोबरच असणार. ओपन स्पेसचंही तसंच, ती नोंद नमुना २४ मध्ये शोधा. आमच्याकडे एका कॉलनीची ओपन स्पेस हस्तांतरच झाली नव्हती, आणि तिच्या कडेचे दोन प्लॉट नकाशापेक्षा हळूहळू रुंद होत गेले होते.

आता पैसा. वित्त आयोगाच्या निधीत पंधराव्या आयोगानं साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिले होते, चाळीस टक्के अबंधित. गटार स्वच्छतेत बसवता येते, म्हणजे तुमचं काम अशा बांधलेल्या निधीत शोधायचं. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाव नसेल तर निधी येऊन निघून जातो, तुमच्या वाट्याला काही नाही. आराखडा ग्रामसभेतच ठरतो. त्या ग्रामसभेला प्लॉट एरियातून कोणी येत नाही, कारण सगळे ड्युटीवर. मग आराखड्यात कोणती गल्ली येणार?

आणि सगळ्यात मोठी मेख. निधी लोकसंख्येवर येतो आणि लोकसंख्या धरतात २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची झालीच नाही. तुमच्या सगळ्या कॉलन्या त्या आकड्यात शून्य आहेत. सदस्यसंख्याही त्यावरच. तीन हजार एक ते साडेचार हजार लोकसंख्येला अकरा सदस्य, म्हणून तुम्ही अकरा. आजची डोकी मोजली तर कदाचित तेरा-पंधरात जाल. नवी मोजणी फेब्रुवारी २०२७ ची ठरलीय. तोवर जुन्या गावाच्या पैशात नवं गाव चालवायचं. गावठाणवाले पैसे लपवून बसलेत असं प्रचारात बोलू नका. मी बोलले होते. नंतर बजेट हातात आलं तेव्हा काय तोंडानं बोलणार?

पपईवाला

शहाद्याहून. आमच्याकडचं गणित निराळं, पेसा क्षेत्र (आदिवासी भागाचा पंचायत कायदा) असल्यानं सरपंच अनुसूचित जमातीचाच. पण ताईंना एक सावधगिरीची सूचना. 'बिनविरोध करू, देवळाला अमुक रक्कम द्या' अशी बैठक पारावर बसली तर तिथून उठून या. नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीची निवडणूक जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली होती, पदाच्या लिलावावरूनच. सोबत नाशिकच्या उमराण्याचीही. समजुतीनं बिनविरोध झालं तर आनंदच आहे. बोली लागली की तो लिलाव.

बट्टीवरण

खर्चाचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. अकरा-तेरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत २०२२ मध्ये सदस्याला मर्यादा ३५ हजार होती. थेट लोकांतून निवडायच्या सरपंचाला तिथे एक लाख होती. प्रत्यक्षात काय होतं ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

सातबारा

उडायच्या आत हे वाचून घ्या. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, पडलेल्यांनीसुद्धा. पडलेला माणूस निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेतात जातो आणि हिशेब विसरतो. मग पाच वर्षांपर्यंत अपात्रतेची नोटीस येते, आणि पुढच्या वेळी अर्ज भरताना कळतं.

आता पात्रतेचं. वय एकवीस पूर्ण, हे सगळ्यांना माहीत असतं. जन्म १ जानेवारी १९९५ नंतरचा असेल तर सातवी पास पाहिजे. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यांमुळे एकूण संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलेलं हवं. ताई भरतात, पण पाणीपट्टी वेगळी असते ती बघा, आणि ग्रामपंचायतीतून थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. शौचालय वापराचाही दाखला लागतो.

प्लॉट एरियातले उमेदवार मात्र अतिक्रमणात सापडतात. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यपद जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण सासऱ्या-नवऱ्यानं केलेलं असलं आणि उमेदवार तिथे राहत असली तरी ती त्यातून सुटत नाही. आता स्वतःच्या गेटसमोर उभं राहून बघा. गाडी चढवायला केलेला सिमेंटचा उतार कुठपर्यंत गेलाय? जिन्याची पहिली पायरी कंपाउंडच्या आत आहे की बाहेर? तुळशीचा ओटा? रस्ता ग्रामपंचायतीकडे वर्ग झालेला असेल तर ही सगळी विरोधकांच्या हातातली कागदपत्रं आहेत. निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो आणि वर्ष-दीड वर्ष तारखा.

गिरणाकाठी

बाहेर जाऊन बघून आले. उतार गटारीच्या ढाप्यावर हातभर गेलाय. मिस्टरांना सांगितलं, गवंडी बोलवा. ते म्हणाले अजून अर्ज भरला नाही आणि घर पाडायला काढलं.

बट्टीवरण

मिस्टरांचाही एक आयडी काढून द्या इथे.

देवपूरकर

जरा वेगळा मुद्दा. एवढी वाढ आहे तर गाव ग्रामपंचायत राहणार किती दिवस? धुळ्याच्या हद्दवाढीत २०१८ मध्ये वलवाडी, अवधान, महिंदळे वगैरे गावं महापालिकेत आली. जळगावजवळ नशिराबाद ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. साक्री, शिंदखेडा, बोदवड, मुक्ताईनगर इथे नगरपंचायती आहेत. दहा ते पंचवीस हजार लोकवस्ती आणि शेतीबाहेरचा रोजगार, असा नगरपंचायतीचा साधारण निकष. प्लॉटवाल्यांना वाटतं नगरपंचायत झाली की रस्ते होतील. मुख्याधिकारी येतो, बांधकाम परवानगीला शिस्त येते, हे खरं. पण सोबत करही येतो, आणि आज सरपंचाला रस्त्यात अडवून विचारता ते बंद होतं. ताईंना प्रचारात कोणीतरी हे विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

चावडीवरचा

देवपूरकर, चार-साडेचार हजाराच्या गावाला आत्ताच कुठे नगरपंचायत दाखवता? ते सोडा. ताई, पॅनल की अपक्ष, यावर माझं मत.

मतदाराला तुमच्या वॉर्डात तीन सदस्यांची तीन मतं आणि थेट सरपंचाचं एक. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली, त्यामुळे लोकांचा गोंधळ कायम. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. पॅनलवाला चारही निशाण्या एका चिठ्ठीवर छापून देतो, म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरतं. अपक्ष म्हणून तुम्हाला घरोघर सांगावं लागेल की अमुक रंगाच्या कागदावर माझं नाव. होतं, पण मेहनत तिप्पट. पॅनलमध्ये गेलात तर सरपंचाच्या उमेदवाराचं ओझं तुमच्यावर. तो गावठाणात नकोसा असेल तर तुम्हीही नकोशा.

मी असतो तर कमी वाईट सरपंच ज्या पॅनलचा त्यात गेलो असतो, आणि नमुना २३ ची नोंद व आराखड्यात गटार या दोन गोष्टी सगळ्यांसमोर कबूल करून घेतल्या असत्या. आणि गावठाणात जा. मतं मागायला नाही. कोणाकडे गंधमुक्ती (सुतक फिटायचा विधी) असेल तर जाऊन बसा, श्रावणात कानबाईच्या दर्शनाला जा. अंगणातल्या बायका ज्या दिवशी तुम्हाला 'मास्तरीण' म्हणून हाक मारतील त्या दिवशी वॉर्ड चार सोडून वॉर्ड एकमध्येही तुमची चर्चा असेल.

रावेरची_लेक

मी इथे चावडीवरच्यांच्या विरोधात. पॅनलचा शब्द निकालापर्यंत असतो. मी पॅनलमधून आले. पहिल्या मासिक सभेला गेले तर खुर्च्यांवर तीन नवरे बसलेले, बायका घरी. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या आणायचा. मी म्हटलं मी इथेच सही करते, ठराव वाचून. प्रोसिडिंग बुकात प्रत्येक ठरावाखाली तीन-चार ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. कशासाठी ते कोणी सांगेना. मी पेन घेतलं, कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारली आणि रेघेखाली सही केली. ग्रामसेवक काही बोलले नाहीत, पॅनलप्रमुखांचा मात्र संध्याकाळी घरी फोन. अर्थात मिस्टरांना. पुढे दर सभेला रेघ मारत राहिले. काही महिन्यांनी कोऱ्या ओळी सोडणंच बंद झालं.

रस्ता झाला का? अर्धा. पण त्या पाच वर्षांत आमच्या वॉर्डाच्या नावावर न झालेलं काम दाखवून बिल निघालं नाही, एवढं छातीठोक सांगते.

आणि 'बाईच्या जागेवर कोण' हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कोर्टापर्यंत गेलाय. भादली बुद्रुकला तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज छाननीत बाद केला होता. औरंगाबाद खंडपीठानं तो मान्य करायला लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. तुम्ही तर नुसत्या प्लॉटवाल्या आहात.

गिरणाकाठी

रेघेचं वाचून मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

पॅनलचं अजून ठरवलेलं नाही. दोघांनाही निरोप दिला की बोलणं माझ्याशी करा. एक आले, एक आले नाहीत. जे आले त्यांच्याकडे नमुना २३ चं विचारलं, तर म्हणाले हे तुम्हाला कोणी शिकवलं. फॉर्म ८ चं काम मात्र जोरात आहे. शिकवणीच्या पोरांचे आईबाप घ्यायला येतात तेव्हा पाचेक मिनिटं बसवून फॉर्म भरून घेते. भडगाववाल्या दादांचाही भरला. कुरकुरत होते, पुतण्या काय म्हणेल म्हणून.

एक शंका. प्रारूप यादीत आमच्या मागच्या लाइनीतली नावं वॉर्ड दोनमध्ये दिसली तर काय करायचं? आमची ती लाइन जुन्या पाणंद रस्त्याला लागून आहे, ती नेहमी तिकडे ढकलतात.

सातबारा

प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतीला थोडेच दिवस असतात, तेव्हा तहसीलवर डोळा ठेवा. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण वॉर्ड चुकलाय, किंवा नाव गळलंय, एवढीच दुरुस्ती त्यात होते. नवीन नाव त्या वेळी चढत नाही, कोणी पैसे घेऊन चढवतो म्हणालं तरी चढत नाही. हरकत एकगठ्ठा देऊ नका, माणशी वेगळी द्या. यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, घराचा नमुना ८ चा उतारा आणि वॉर्डाच्या हद्दीचा नकाशा जोडा. त्या पाणंदीच्या कोणत्या अंगाला घर येतं ते नकाशावर लाल पेनानं दाखवा. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

गिरणाकाठी

नकाशा तहसीलला मिळतो की ग्रामपंचायतीत?

सातबारा

अंतिम प्रभागरचना दोन्हीकडे लावतात. ग्रामपंचायतीतला नकाशा बहुतेक कपाटात सापडेल. तहसीललाच जा, सकाळी.